टेलिफोनचा नंबर आणि टेलिफोनची तार

या व्याख्यानमालेत वेदान्तापासून विमानापर्यंत सर्व विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकत आला आहात. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विषयही आम्ही आमच्या पायरीला साजेसाच घेतला आहे. घरातल्या लँडलाइन टेलिफोनचा नंबर एका जागेवरून दुसऱ्या जागी, किंवा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेला, की घरातले इंटरनेट का बंद पडते, एवढाच तो विषय. तो क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास आम्ही रागावणार नाही. २०१९ सालच्या दिवाळीपर्यंत आम्हासही तसेच वाटत होते.

सोलापुरात साखर पेठेतील दोन खोल्यांत आम्ही एकवीस वर्षे भाड्याने राहिलो. १९९८ साली तेथे टेलिफोन आला. ०२१७ च्या पुढचे ते सात आकडे हीच आमच्या युनियनची खरी पाटी. विडी वळणाऱ्या बायांना युनियनचे ऑफिस कोणत्या बोळात आहे हे सांगता येत नसे, पण नंबर पाठ असे. कोणी तो पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलेला, कोणी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने. पुढे त्याच तारेवरून इंटरनेट आले, एक जुना संगणक आला आणि अंगठा उमटवावयाचे एक लहानसे यंत्रही आले. तेव्हापासून नोव्हेंबर महिना लागला की आमच्या ओसरीवर रांग लागे.

नोव्हेंबरच का, हे सांगितले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ सालच्या योजनेतून या बायांना पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४ पासून ते किमान एक हजार रुपये झाले. बहुतेकींचे त्याच्या आसपासच घुटमळते. पण पेन्शन घेणारी व्यक्ती हयात आहे, असा दाखला दरसाल द्यावा लागतो. त्या वेळी तो नोव्हेंबरात द्यावयाचा असे, आणि न दिल्यास जानेवारीपासून पैसे थांबत. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला संगणकावर अंगठा उमटवून देण्याची सोय झाली. तिला ‘जीवन प्रमाण’ म्हणतात. बँकेत दिवसभर ताटकळण्यापेक्षा अण्णांच्या ओसरीवर अर्धा तास बसणे बायांना सोयीचे वाटे. अण्णा म्हणजे आम्हीच.

२०१९ साली दिवाळी २७ ऑक्टोबरला झाली. घरमालकांस खोल्या हव्या होत्या, आणि आमचेही अक्कलकोट रस्त्याच्या बाजूस एक लहानसे घर उभे राहिले होते. आम्ही टेलिफोन कंपनीकडे शिफ्टिंगचा अर्ज केला, डिमांड नोट भरली आणि ‘नंबर तोच राहावा’ हे वाक्य अधोरेखित केले. कंपनीचे नाव येथे सांगत नाही. ती सरकारी होती की खाजगी हेही सांगत नाही, कारण दोन्हींकडे असा अनुभव आलेली माणसे आम्हास पुढे भेटली. अर्जात आम्ही इंटरनेटचा शब्दही घातला नाही. तो घालावा लागतो हे ठाऊकच नव्हते. घर बदलताना मीटरसाठी एक अर्ज आणि घरातील दिव्यासाठी दुसरा, असे कोणी करतो काय?

पाचव्या दिवशी नव्या घरात टोन आला. नंबर तोच. आम्ही आनंदाने चार ठिकाणी फोन लावून पाहिले. मोडेमचा दिवा मात्र लुकलुकत राहिला तो राहिलाच. तक्रार नोंदविली, दुसऱ्या दिवशी कळले की तक्रार निकालात निघाली. पुन्हा नोंदविली, पुन्हा निकालात. तिसऱ्या खेपेस आम्ही स्वतः ऑफिसात गेलो.

“फोन लागतो ना, अण्णा?”

“लागतो.”

“मग झालं की!”

“इंटरनेट नाही लागत.”

“त्याचा अर्ज कुठाय? तुम्ही फोन शिफ्ट केलात. नेट जुन्या लाइनवर होतं, ती लाइन आम्ही बंद केली.”

त्या कारकुनाची चूक काढता येईना. त्याच्या कागदाप्रमाणे सर्व काही यथास्थित होते. इंटरनेट सुरू व्हावयास सव्वीस दिवस लागले, आणि ते दिवस नोव्हेंबरचे होते.

मोबाइलवरून काम भागले नसते काय, असे आजचे तरुण विचारतील. काही भागलेही. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर संगणक जोडून आम्ही काही दाखले पाठविले. परंतु त्या बाजूस तेव्हा मोबाइलची रेंज अशी होती की अंगठा उमटेपर्यंत जोडणी तुटे. त्यात विडी वळून वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या. एकेकीस चार-चारदा अंगठा द्यावा लागे. उरलेल्या बायांनी सायबरवाल्यास प्रत्येकी पन्नास रुपये दिले. सर्वांत वाईट गोष्ट ही, की नंबर चालू होता. बाया आधी फोन करीत, तो लागे, आणि त्या निघत. एक आक्का दोन रिक्षा बदलून आल्या आणि म्हणाल्या, “फोन तर लागला अण्णा, म्हणून आले.” त्या परत गेल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांचे पेन्शन जानेवारीत थांबले. पुढे दाखला गेल्यावर एप्रिलात मागल्या रकमेसह सुरू झाले. पण मधले तीन महिने वाण्याच्या वहीवर निघाले.

या सव्वीस दिवसांत आम्ही टेलिफोनविषयी जेवढे शिकलो तेवढे आधीच्या एकवीस वर्षांत शिकलो नव्हतो. ते आता सांगतो.

पहिली गोष्ट: नंबर तारेत नसतो. आपल्या घरात येणारी टेलिफोनची तार म्हणजे एकमेकींस पीळ दिलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा. लाइनमन लोक तिला ‘पेअर’ म्हणतात. आपण जोडी म्हणू. ही जोडी खांबावरील डी.पी.च्या डबीत जाते. तेथून अनेक जोड्यांची जाड केबल रस्त्याकडेच्या लोखंडी पिलरमध्ये आणि पुढे एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजमध्ये एक उंच लोखंडी चौकट असते. तिच्या एका अंगास शहरातून आलेल्या सर्व जोड्या, दुसऱ्या अंगास यंत्राची टोके, आणि दोहोंमध्ये ‘जंपर’ नावाच्या आखूड तारा. नंबर आहे तो यंत्राच्या टोकाचा. तुमच्या जोडीचा नव्हे. जंपर काढून दुसऱ्या जोडीस लावला की तोच नंबर दुसऱ्या घरात वाजू लागतो. आता तर पुष्कळसे काम संगणकातील नोंद बदलूनच होते.

टेलिफोन निघाला तेव्हा नंबर नव्हतेच. लोक नाव सांगत आणि एक्स्चेंजमधील माणूस जोडून देई. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लोवेल गावी १८७९ साली गोवराची साथ आली. जोडून देणारी चार माणसे आजारी पडली तर नवख्यांना गिऱ्हाइकांची नावे कशी पाठ होणार, म्हणून तेथील डॉ. पार्कर यांनी प्रत्येकास आकडा द्यावा असे सुचविले, असे सांगतात. म्हणजे नंबर हा मुळात कामगार बदलला तरी काम अडू नये म्हणून काढलेला तोडगा. आम्हास ही हकीकत वाचून गंमत वाटली.

दुसरी गोष्ट: एका जोडीवरून दोन प्रवासी जातात. माणसाचे बोलणे टेलिफोनवर समजावयास सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपने पुरतात. तांब्याची जोडी त्याहून पुष्कळ वरची कंपने वाहू शकते. ती जागा शंभर वर्षे रिकामी पडून होती. तांब्यावरच्या ब्रॉडबँडने, ज्यास एडीएसएल म्हणतात, ती जागा घेतली. सुमारे २५ हजारांपासून ११ लाख कंपनांपर्यंतचा पट्टा इंटरनेटचा, खालचा बोलण्याचा. म्हणून तर फोनवर बोलत असतानाही इंटरनेट चालते. घरात एक लहान डबी, स्प्लिटर, दोघांना वेगळे करते. एक्स्चेंजमध्येही तसेच होते: बोलणे टेलिफोनच्या यंत्राकडे जाते आणि इंटरनेट ‘डीस्लॅम’ नावाच्या निराळ्याच कपाटाकडे. त्या कपाटाला ठरावीक खोबणी असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. एका जोडीस एक पोर्ट.

आता घोळ कोठे होतो ते पाहा. डीस्लॅमला तुमचा नंबर ठाऊक नसतो. त्याला फक्त जोडी कळते. परंतु ऑफिसातील नोंदवहीत इंटरनेटचे खाते टेलिफोनच्या नंबराखालीच लिहिलेले असते, बिलही त्याच नंबरावर येते. म्हणजे यंत्राच्या लेखी इंटरनेट हे तारेचे अपत्य, आणि कागदाच्या लेखी ते नंबराचे. जोपर्यंत नंबर आणि तार एकत्र नांदतात तोपर्यंत कोणास काही कळत नाही. नंबर उचलून दुसऱ्या तारेवर नेला की मूल जुन्या घरात राहते. आणि जुने घर तर कागदोपत्री बंद झालेले असते.

नव्या जागी इंटरनेट पुन्हा चालावयाचे तर तेथील कपाटात पोर्ट रिकामे हवे. एक्स्चेंजपासूनचे अंतर बेताचे हवे, कारण ही वरची कंपने वाटेत फार झिजतात आणि पाच किलोमीटरच्या पुढे त्यांच्यात काही दम राहात नाही. बोलणे मात्र तेवढ्या अंतरावरही खणखणीत ऐकू येते. शिवाय कित्येक ठिकाणी गिऱ्हाइकाचे इंटरनेटचे नाव त्याच्या जुन्या पोर्टास बांधून ठेवलेले असते, चोरी होऊ नये म्हणून. ती गाठ कोणी सोडविली नाही तर तार ठीक, पोर्ट ठीक, आणि तरी दार बंद. आमच्या बाबतीत नव्या भागातील कपाटात एकही पोर्ट मोकळे नव्हते. हे आम्हास एकविसाव्या दिवशी कळले.

हा घोळ आमच्याच गावचा असे समजू नये. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने टेलिफोन कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याचा हक्क गिऱ्हाइकास मिळाला, आणि २४ नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या शहरांत घरचा नंबर मोबाइलवरही नेता येऊ लागला. लोकांनी हौसेने नंबर खिशात घातला आणि घरी येऊन पाहतात तो संगणक मुका. नंबर गेला म्हणजे टेलिफोनची सेवा संपली. टेलिफोनची सेवा संपली म्हणजे तिच्यावर बसलेले इंटरनेटही संपले, असा कंपन्यांचा हिशेब.

काही कंपन्यांनी याचे धोरणच करून टाकले. दक्षिणेकडील राज्यांत बेलसाउथ ही मोठी कंपनी होती. जो गिऱ्हाईक बोलण्याची सेवा प्रतिस्पर्ध्याकडून घेईल त्यास आम्ही एडीएसएल देणार नाही, अशी तिची भूमिका. जोडी तीच, कपाट तेच. नकार केवळ व्यापारी. फ्लॉरिडा, जॉर्जिया, केंटकी आणि लुइझियाना या चार राज्यांच्या नियामक मंडळांनी कंपनीस सांगितले की असे करता येणार नाही. कंपनी वॉशिंग्टनला गेली. तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने मार्च २००५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला: या बाबतीत कंपनीवर सक्ती करण्याचा अधिकार राज्यांना नाही.

पण गोष्ट तेथे संपली नाही. क्वेस्ट नावाच्या कंपनीने २००४ सालीच टेलिफोनवाचून नुसते इंटरनेट विकावयास काढले होते. तिकडे त्याला ‘नागडे डीएसएल’ म्हणत. नाव आम्ही ठेवलेले नाही. पुढे मोठ्या कंपन्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या आणि त्यासाठी त्यांना त्याच आयोगाची परवानगी लागली. डिसेंबर २००६ मध्ये एटी अँड टीने बेलसाउथ गिळली, तेव्हा परवानगीच्या अटींत टेलिफोनवाचून इंटरनेट १९ डॉलर ९५ सेंटला देण्याचे कलम आले, तीस महिन्यांसाठी. हक्क म्हणून जे नाकारले होते ते सौद्यात मिळाले. आम्हा युनियनवाल्यांस यात नवल वाटत नाही. कोर्टात हरलेली मागणी आम्ही कितीदा तरी पुढच्या कराराच्या टेबलावर पदरात पाडून घेतली आहे. अर्थात तीस महिन्यांची मुदत ही मेखही ओळखीचीच.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून मोबाइलचा नंबर देशभर एका कंपनीतून दुसरीत नेता येऊ लागला. ती मुभा तेव्हा लँडलाइनला दिली गेली नाही. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वेषात येतो: जागा बदलताना, तांब्यावरून फायबरवर जाताना, आणि वडील वारल्यावर टेलिफोन मुलाच्या नावे करताना. शेवटच्या प्रकारात तर घराची एक वीटही हललेली नसते. नंबर तोच, तार तीच. पण जुने खाते बंद करून नवे उघडले तर त्या खात्याला चिकटलेले इंटरनेट गळून पडू शकते. दुःखाच्या दिवसांत हे कोणास सुचते?

दाद कोठे मागावयाची, हा पुढचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली केरळातील एका गिऱ्हाइकाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की टेलिफोनच्या बिलाचे तंटे जुन्या तार कायद्याच्या कलम ७-ब प्रमाणे लवादाकडे जावेत, ग्राहक मंचाकडे नव्हेत. त्या निर्णयाने पुष्कळांना दारातून परत पाठविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने, एका खाजगी मोबाइल कंपनीच्या प्रकरणात, ग्राहक मंचाचे दार बंद नाही असा स्पष्ट निर्वाळा दिला. हे आपणांपैकी थोड्यांस ठाऊक असेल म्हणून मुद्दाम सांगितले. मात्र मंचापुढे जावयाचे तर हाती कागद हवा. तक्रार केली की तिचा डॉकेट नंबर मागून घ्यावा. तक्रार केंद्राने ‘निकालात’ म्हटले तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी जावे. आणि तक्रार नोंदविताना ‘फोन बंद’ असे चुकूनही म्हणू नये. टोन आला की ती तक्रार मेली. ‘इंटरनेट बंद, टेलिफोन चालू’ असेच लिहवून घ्यावे. आमच्या दोन तक्रारी याच एका शब्दापायी गेल्या.

त्याहून बरे म्हणजे पाळीच न येऊ देणे. अर्जात नंबर आणि इंटरनेट दोन्ही, दोन वेगळ्या ओळींत लिहावे. नव्या जागी पोर्ट आहे काय, अगर फायबर आहे काय, हे अर्जापूर्वी विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे. नवे इंटरनेट आधी सुरू होऊ द्यावे, ते चार दिवस नीट चालते असे पाहावे, आणि मगच जुन्या तारेला हात लावावा. महिनाभर दोन बिले आली तरी चालतील. अमेरिकेतील आयोगही कंपनी बदलणाऱ्यांस हेच सांगतो, की नवी सेवा सुरू करण्यापूर्वी जुनी बंद करू नका. ज्यांच्या इंटरनेट कंपनीचाच दिलेला ई-मेलचा पत्ता असेल त्यांनी तर विशेष जपावे. खाते बंद झाले तर पत्रांची पेटीही त्याबरोबर जाण्याचा धोका असतो.

त्या दिवसांत आमच्याकडे तीनदा एक लाइनमन आला. पंचविशीतला, अंगात कंपनीचा शर्ट, पण नोकरी कंत्राटदाराची. आम्ही पहिल्या भेटीत त्याच्यावर ओरडलो, याची आज लाज वाटते. त्याने खिशातून कागद काढून दाखविला. “अण्णा, माझ्या कागदावर फक्त फोन आहे. पोर्ट द्यायचा अधिकार मला नाही. आणि या तिसऱ्या फेरीचे पैसेही मला मिळत नाहीत.” धंद्याची सवय, आम्ही लगेच दर विचारला. जोडणीमागे ठरलेली रक्कम. पेट्रोल त्याचे, शिडी त्याची, विमा कोणाचाच नाही. खांबावरून पडला तर पाटी कोणाची आणि माणूस कोणाचा यावर सहा महिने वाद चालेल. पूर्वी कायम नोकरीतल्या लाइनमनला आपल्या भागातील प्रत्येक डी.पी. तोंडपाठ असे, कोणती जोडी गंजली आहे आणि कोठे पोर्ट मोकळे होणार आहे हे तो कागद न पाहता सांगे. पुढे दोनच महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२० रोजी, बीएसएनएलमधील सुमारे ७८,५०० माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेली. खाजगीकडे हे काम बहुतेक कंत्राटावरच चालते. जे ज्ञान माणसांच्या डोक्यात होते ते नोंदवहीत कोणी उतरविले नाही, आणि नोंदवहीला तर इंटरनेट हे नंबराचे अपत्य वाटते, हे आम्ही वर सांगितलेच. त्या पोराचा नंबर आम्ही घेऊन ठेवला. तो आता आमच्या सभासदांच्या यादीत आहे.

अखेरीस इंटरनेट आले ते तांब्यावरून नव्हेच. केबलवाल्याने गल्लीत फायबर ओढली आणि नंबरही तिच्यावर चढविला. त्या चढविण्यात टेलिफोन दोन दिवस मेला होता, पण आता आम्ही शहाणे झालो होतो, दोन्ही गोष्टी अर्जात लिहिल्या होत्या. वेगाविषयी तक्रार नाही. अंगठा दिल्याबरोबर दाखला जातो.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. तांब्याच्या जोडीतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट येत, त्यामुळे गावातली वीज गेली तरी आमचा जुना टेलिफोन वाजे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. आता वीज गेली की भिंतीवरची पेटी विझते आणि तिच्याबरोबर तो सात आकड्यांचा नंबरही. मग बाया शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन करून विचारतात, अण्णा घर सोडून गेले का. गेल्या महिन्यात आम्ही त्या पेटीला एक लहान बॅटरी लावली. ती चार तास चालते.